निकिताच्या फोनमधली हलगी

स्वयंपाकघरातून पुन्हा ती हलगी वाजली आणि आदिनाथला चहा कडू लागला. काय आवाज होता! फाटका, दाणेदार, रगेल. असा आवाज आपल्या हातून निघावा म्हणून तो झरीतल्या आपल्या घरी चार महिने झुरत होता आणि तो वाजत होता खुद्द त्याच्याच बायकोच्या फोनवर. तो ताडकन उठून दाराशी गेला. निकितानं पिठाच्या हातानं फोन बंद केला, पिठाच्या डब्यावर ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी थापायला लागली.

"कुणाची हलगी गं ही?"

"कुठली?"

"आत्ता वाजायली व्हती ती."

"वाजायली व्हती का?" असं म्हणून तिनं भाकर तव्यावर टाकली.

आदिनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाची म्हणजे काय, पिंगळीच्या शिवप्रकाशची, दुसऱ्या कुणाची असणार! घरच्या घरी हलगी वाजवून, कंप्युटरवर रेकॉर्ड करून ती बँजो पार्टीवाल्यांना देणारे अख्ख्या परभणी जिल्ह्यात दोघंच, असं आदिनाथचं मत होतं. त्यातला एक तो स्वतः आणि दुसऱ्याचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं.

आदिनाथची हलगी वाईट नव्हती, पण फार सभ्य वाजायची. एक तर त्याचा स्टुडिओ कापसाच्या खोलीत होता. भाव वाढेल म्हणून आई नर्मदाबाईंनी आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता आणि उरलेल्या जागेत आदिनाथ, माईक आणि कंप्युटर कसेबसे बसत. दुसरं म्हणजे त्याला साफसफाईचं भारी वेड. जरा खरखर दिसली की पूस, जरा खडखड दिसली की काप. शेवटी उरायचा तो आवाज इस्त्री केलेला. वर त्यानं घरात नियमच केला होता, की माझं काम फोनच्या फालतू स्पीकरवर कुणीही ऐकायचं नाही. ऐकायचं तर खोलीत येऊन, हेडफोन लावून. निकिता त्या खोलीत एकदाच आली, कापसानं तिला अकरा शिंका आल्या आणि ती पुन्हा फिरकली नाही. आता ती दुसऱ्याची हलगी ऐकत होती, तीही चोरून!

तेवढ्यात गंगाखेडच्या बन्सीधरमामांचा फोन आला. त्यांच्या बँजो पार्टीची यंदाच्या लग्नसराईची सगळी रेकॉर्डिंग कुणाला द्यायची, हे आज ठरणार होतं.

"आदिनाथ, तुझा तुकडा ऐकला बाबा. हलगी कापसात गुंडाळल्यावानी वाजायली. नवरदेव नाचायचा सोडून झोपी जाईल. मला फाटका आवाज पायजे, फाटका! दिवे लागायच्या आत दे, न्हाई तर शिवप्रकाशला सांगतो."

शिवप्रकाशचं नाव निघालं आणि आदिनाथ पेटून उठला. आधी त्यानं कंप्युटरमध्ये आवाज ताणून पाहिला. आवाज खरखरीत करणारं सॅच्युरेशनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर हलगीतून गांधीलमाश्या निघाल्या. मग माईक तेलाच्या रिकाम्या डब्यात सोडून पाहिला. डबा तेवढा वाजला, हलगी कुठल्या कुठे गेली. शेवटी त्याला भजनी मंडळाचा जुना भोंगा आठवला. तो फाटका आहे अशी सगळ्या गावाचीच तक्रार होती. आदिनाथनं तो मागून आणला, अंगणातल्या बाजेला बांधला, त्याचा माईक हलगीजवळ ठेवला, आपला भोंग्यासमोर लावला आणि जीव खाऊन हलगी बडवली.

आवाज फाटका निघाला खरा, पण भोंग्यावर हलगी म्हणजे झरीत दवंडी. दहा मिनिटांत अंगणात पन्नास माणसं जमली.

"पीकइम्याचं आलं का?" एकानं विचारलं.

"नळाला पाणी सुटायलंय जणू," असं म्हणत चांगुणाबाई दोन घागरी घेऊन आल्या.

"कायबी आलं न्हाई! मी आवाज तपासायलोय!" आदिनाथ ओरडला. पण भोंगा चालू होता, त्यामुळे 'आलं' आणि 'तपासायलोय' एवढंच वेशीपर्यंत पोचलं आणि आणखी तीस माणसं आधारकार्डं घेऊन हजर झाली. रेकॉर्डिंगमध्ये हलगी कमी आणि पीकविम्याची चौकशी जास्त भरली. नर्मदाबाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या. निकिता लोकांना पाणी द्यायला धावली आणि तिचा फोन पिठाच्या डब्यावर एकटाच राहिला.

आदिनाथनं तो उचलला. पडद्यावर पिठाची साय होती. पुसून पाहिलं तर गाण्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्यानं बटण दाबलं. दहा ठोके ऐकले आणि पुढचं ऐकण्याची त्याची हिंमतच झाली नाही. जळणं जळणं म्हणतात ते काय, हे त्याला छातीत नीट कळलं. त्यानं फोन खिशात घातला आणि मोटारसायकलला किक मारली.

परभणी ओलांडून पिंगळीला पोचेपर्यंत भांडण त्यानं मनात तीनदा भांडून घेतलं होतं. शिवप्रकाश मात्र हसतच सामोरा आला. "या आदिनाथराव! महेश्वरी, चहा टाक गं," असं बायकोला सांगून त्यानं त्याला आपल्या खोलीत नेलं. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते आणि एकूण एक वस्तू जागच्या जागी होती. हेही आदिनाथला सहन झालं नाही.

"चहा ऱ्हाऊ द्या. हे कसं केलं तेवढं सांगा." त्यानं फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं.

हलगी वाजू लागली तसा शिवप्रकाशचा चेहरा उतरत गेला.

"कुणाचं हाय हे?" त्यानं विचारलं.

"सोंग करू नका. तुमचंच हाय."

"माझं असतं तर बन्सीधरमामाला मघाशीच फोनवर हात जोडले असते का? फाटका आवाज मला जमत न्हाई म्हणून सांगितलं त्यांला. सहा महिने झाले, मरायलो मी ह्या आवाजापायी!"

आदिनाथ फोन उचलायला वाकला. इतक्यात हलगीच्या दोन ठोक्यांच्या मधून एक बाई खणखणीत ओरडली, "आदिनाथा, म्हशीला पाणी दाव रे!"

दोघंही फोनकडे पाहत राहिले. नर्मदाबाईंचा आवाज ओळखायला आदिनाथला काही हेडफोन लागत नव्हता. हा त्याचाच पहिला कच्चा तुकडा, चार महिन्यांपूर्वी घरच्या ग्रुपवर टाकलेला आणि नंतर पुसून-कापून साफ केलेला. म्हणजे इतके दिवस तो स्वतःवरच जळत होता!

क्षणभर त्याला लाज वाटली. मग शिवप्रकाशच्या डोळ्यांतली जळजळ दिसली आणि लाज पार पळाली.

"कसं केलं हो?" शिवप्रकाशनं विचारलं.

"लय वर्षांची मेहनत हाय," आदिनाथ खुर्चीत रेलून म्हणाला. "हातातच यावं लागतं ते. असं सांगून जमत न्हाई."

शिवप्रकाशनं उसासा टाकला आणि फोन हातात घेऊन उलटा केला. "तुमच्या स्पीकरची जाळी पार बुजलीय की. थांबा, साफ करून देतो." आदिनाथ आपल्या मेहनतीविषयी आणखी बोलत असतानाच त्यानं माईक झाडायचा ब्रश काढला, जाळी घासली, वर दोन फुंकरा मारल्या. "आता ऐका."

हलगी वाजली. गुळगुळीत, सभ्य, इस्त्री केलेली.

टेबलावर पांढऱ्या पिठाची चिमूटभर रास पडली होती. आदिनाथनं राशीकडे पाहिलं. शिवप्रकाशनंही पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"महेश्वरी," शिवप्रकाशनं नजर न हलवता हाक मारली, "चहा ऱ्हाऊ दे. तुझा फोन आण. आन् येताना भाकरीचं पीठ आण."

पुढचं ऐकायला आदिनाथ थांबलाच नाही. ऊन उतरायला लागलं होतं. झरीला पोचल्यावर तो चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरला.

"निकिता, हा फोन घे आन् भाकरी थाप!"

"दुपारच्याच धा पडल्यात."

"पडू दे की! पीठ भर ह्याच्यात. आधी व्हतं तसंच!"

निकितानं परात ओढली, एका हातानं भाकर थापली आणि त्याच हातानं फोन चार वेळा हाताळला. मग आदिनाथनं फोनवर आपली हलगी लावून त्यासमोर माईक धरला. तो फाटका, दाणेदार आवाज जसाच्या तसा परत आला. त्यानं तो रेकॉर्ड केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न पुसता, न कापता गंगाखेडला धाडला. म्हशीला पाणी दाखवायची आईची आरोळीही त्यात तशीच राहिली.

दिवे लागायच्या आत बन्सीधरमामांचा फोन आला. "आदिनाथ, पोरं आत्तापासूनच नाचायलीत! ती मधी वरडणारी बाई तर लय झकास. ती ऱ्हाऊ दे. यंदाचं सगळं काम तुझं."

आदिनाथ हरखून चुलीपाशी येऊन बसला. पिंगळीत आज किती पीठ सांडलं असेल, या विचारानं त्याला फारच बरं वाटत होतं. मग त्याला एकदम आठवलं.

"म्हंजे चार महिने तू माझीच हलगी ऐकायलीस?"

"मग कुणाची ऐकू?"

"मग मी आलो की बंद कामून करायचीस? एवढी चांगली वाजायली, तर सांगायचं की मला!"

निकितानं तव्यावरची भाकर उलटली.

"सांगितलं असतं, तर तुमी आधी माझा फोन साफ केला असता."