शैलाबाईंपासून कारखान्याचं अंतर

शिरोलीच्या गिअर कारखान्यातलं मोजमापाचं यंत्र खंडेनवमीपासून सगळं काही शैलाबाई खोतांपासून मोजू लागलं.

चूक म्हणाल तर एवढीशी. पूजेला सगळ्या यंत्रांना कुंकू लावतात, तसं बाईंनी याच्याही सुईच्या टोकाला बोट टेकवलं. एरवी ते टोक रोज सकाळी टेबलावरच्या पांढऱ्या गोळ्याला टेकवायचं. मग यंत्र त्या गोळ्याला अढळ संदर्भ मानून बाकीचं मोजतं. सणाच्या गडबडीत यंत्र चालूच राहिलं होतं. त्यानं बाईंना अढळ मानलं. झालं!

सुई बाईंपासून किती लांब आहे, ते पडद्यावर सतत दिसू लागलं. बाई बसल्या की गिअर पास, चहाला उठल्या की अख्खी पेटी नापास. गोळा पुन्हा टेकवून पाहिला, तर यंत्र त्याला ओळखच देईना. मग बाईंना गादीची खुर्ची आली. मालक येता-जाता हात जोडू लागले. एवढा मान मिळायला लागला की माणसानं समजून जावं, आता आपली सुटका नाही.

अशात लातूरहून लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला होता, म्हणून पहिलंच बाळंतपण सासरी. "आई, मला भीती वाटतेय गं. येशील ना?"

बाईंचा जीव तिळतिळ तुटला. त्यांनी रजा मागितली.

"रजा माणसाला असते, बाई," मालक हळहळून म्हणाले. "संदर्भाला रजा द्यायची तरतूद नाही हो."

बाईंना रडू फुटलं. पडद्यावरचे आकडे थरथरले, चार गिअर वाया गेले. तपासणी विभागाचे प्रमुख टोणपे यांनी यंत्र थांबवलं. "रडा बाई, मनमोकळं रडा. मोजणी बंद केलीय."

मग ते मालकांकडे वळले. "साहेब, संदर्भ कधी हलत नसतो. बाई लातूरला गेल्या, तर हललो ते आपण."

मालकांनी बराच विचार केला. "कारखाना हलवायचा तर परवानगी लागेल."

"मागवतो."

दुपारी परवानगी आली. बाई संध्याकाळच्या एसटीत बसल्या आणि कारखाना मागं मागं जाऊ लागला.

लेक सुखरूप सुटली. मुलगी झाली. बाई बाळंतिणीच्या उशाशी बसल्या होत्या, तेवढ्यात टोणप्यांचा फोन आला.

"बाई, फार लांब आलोय हो आम्ही! पण एकदा अंतर वजा केलं की गिअर पास होतात. फक्त मघापासून आकडे डुलायला लागलेत."

"नात मांडीवर आहे. झोपवतेय तिला."

"मग झोपवा. तोवर आम्ही थांबतो." टोणपे जरा घुटमळले. "मालक विचारतायत, परत कधी?"

"मी कुठं गेलेय?" बाई हळूच म्हणाल्या, बाळ जागं होऊ नये म्हणून. "तुम्हीच या सावकाश."