एसटीने गेलेली सांदवाडी

दौलतजींनी आपल्या घरामागची माती पोत्यांत भरून एसटीने समुद्रपूरला नेली, असं मी सांगते तेव्हा लोकांना ती थाप वाटते. पण त्यातल्या एका पोत्यावर पाय ठेवून मी स्वतः बसले होते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी देवळीला आले, तेव्हा दौलतजी आमचे शेजारी. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं, तसं त्यांनाही मामाजीच. शेतातली कपाशी गडीमाणसं बघत. मामाजींचा जीव घरामागच्या सांदवाडीत. दसरा झाला की धोतर खोचून ते तिथे उतरत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळे, कुंपणावर वाल. मामी वारल्यापासून घरात खाणारं तोंड एकच, पण लावणी अख्ख्या मोहल्ल्याला पुरेल एवढी.

त्यांच्या मते जगात माती एकच, ती त्यांच्या सांदवाडीतली. "बाकी सारा मुरूम!" लग्नाच्या पंगतीत वांग्याचा घास घेऊन ते डोळे मिटत आणि वाढप्याला ऐकवत, "याच्यात मुरूम लागून राह्यला." एकदा सासूबाईंनी बाजारातून आणलेला मुळा त्यांनी कुंपणावरून पाहिला, आणि समाचाराला आल्यासारखे येऊन आमच्या ओसरीवर गप्प बसले.

अशा माणसाची एकुलती एक लेक शकुन समुद्रपूरला दिलेली. माझं माहेरही तिथलंच. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. मामाजी तर त्यात कट्टर. लेकीला भेटायला जात, ओसरीवर बसत, आणि घसा सुकला की उठून बसस्टँडवर पाणी पिऊन येत. माझे वडीलही तसेच. ते माझ्या दारातून उपाशी परत जात, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग येई.

त्या वर्षी पोळ्याला शकुन माहेरी आली आणि भडकली. "बाबा, या संक्रांतीले माह्या हातचं जेवा, नाई तं मी पुन्हा देवळीले पाय नाई ठेवत!"

लेक बापावरच गेलेली, म्हणजे बोलली ते करणार. महिनाभर मामाजींनी कोणाच्याही भाजीला नावं ठेवली नाहीत. मोहल्ला घाबरला.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते पोती भरू लागले. मी माहेरी निघालेच होते, तर मला धरलं. "सूनबाई, एक पोतं तुह्या पायाखाली ठेवजो." त्यांच्या मांडीवर वांग्याच्या रोपांची टोपली.

कंडक्टरने पोतं दाबून पाहिलं. "मामा, काय हाय याच्यात?"

"सांदवाडी."

"कोनाची?"

"माही. दिसून नाई राह्यली?"

कंडक्टरने मुकाट्याने लगेजचं तिकीट फाडलं.

समुद्रपूरला पोचल्यावर मामाजींनी शकुनच्या घरामागे लांबरुंद खड्डा खणला, तिथली माती बाहेर काढली, आपली भरली आणि रोपं लावली. शकुनची सासू दारातून बघत होती. "काऊन जी, आमची माती का वाईट हाय?"

"वाईट नाई जी. मुरूम हाय," एवढं बोलून ते पाणी प्यायला बसस्टँडवर गेले.

संक्रांतीला शकुनने मलाही बोलावून घेतलं. मामाजी ज्वारीचं पीठ, तेल, मिरच्या, सगळं देवळीहून बांधून घेऊन आले होते. वांगी तोडून तुराट्यांवर भाजली. शकुनने बाजूलाच तीन विटांवर तवा ठेवला. मामाजी चपला काढून वाफ्यात, झाडांच्या मधोमध मांडी घालून बसले.

"माती माही, वांगं माहं, पीठ माहं. म्हंजे मी देवळीतच जेवून राह्यलो."

"आन् मीठ, बाबा?"

"मीठ समुद्राचं. ते कोनाच्याच घरचं नसते."

भरिताचा पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले. आता मुरूम निघणार म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. मामाजी नुसते जेवत राहिले, आणि आणखी भाकर मागून घेतली. शकुन भाकरी थापता थापता रडत होती. मला माझ्या वडिलांची आठवण आली आणि माझेही डोळे भरले.

तेवढ्यात मामाजींना ठसका लागला. सगळं आणलं होतं, पाणी तेवढं विसरले होते. शकुन धावत तांब्या भरून घेऊन आली, आणि द्यायचं सोडून तशीच उभी राहिली. "बाबा, हे आमच्या विहिरीचं हाय."

मामाजींनी खोकत खोकत आजूबाजूच्या झाडांकडे पाहिलं. "याईले पाणी कोन घालत होतं?"

"मीच."

"हेच?"

"हेच. रोज सकाऊन."

मामाजी हातातल्या भरिताच्या घासाकडे बघत राहिले.

"मंग तुह्या घरचं पाणी माह्या पोटात गेलंच न वं बाई," ते म्हणाले. "दे."