दोन बॅटऱ्या आणि एक दुःखद निवेदन

"आता नुसतं बटण दाब, चर्चची घंटासुद्धा लाजेल!" असं म्हणत एद्नाल्दोने बॉनेट आपटलं. त्याची नऊ महिन्यांची गरोदर बायको जोसिलेने दचकून दोन पावलं मागे सरकली.

एद्नाल्दोचा धंदा होता गाडीच्या भोंग्यावरून गावाला मयताच्या बातम्या सांगण्याचा. कोण गेलं, प्रेत किती वाजता उठणार, सगळं अगदी भरल्या गळ्याने! पण त्याचा जीव अडकला होता सेंट जॉनच्या जत्रेतल्या सर्वांत दणदणीत गाणी वाजवणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत. म्हणून वाल्मिर या मेहुण्याला हाताशी धरून त्याने बॅटरी चार्ज करणारा दणकट अल्टरनेटर बसवला, अंगठ्याएवढ्या जाड वायरी ओढल्या आणि जादा बॅटरी जोडली.

"कळा सुरू झाल्या की ही सुरू होईल ना?" जोसिलेनेने विचारलं. दवाखाना पार शेजारच्या गावात होता.

"अगं, दोन-दोन बॅटऱ्या आहेत! एक दमली तर दुसरी आहेच की!"

मग इंजिन बंद ठेवूनच गाण्यांची चाचणी सुरू झाली. कौलं थरथरली, कोंबड्या परागंदा झाल्या, वाल्मिर नाचून नाचून घामाघूम झाला. एवढ्यात जोसिलेने दाराची चौकट धरून उभी राहिली.

"एद्नाल्दो, निघायचं. आत्ता!"

तिला मागच्या सीटवर आडवं केलं. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्!

"दुसरी बॅटरी लाव रे!" एद्नाल्दो किंचाळला.

"दोन्ही एकत्रच जोडल्यात भावजी," वाल्मिर हळूच म्हणाला, "दोघी एकदमच दमल्या."

अल्टरनेटर दणकट होता, पण इंजिन फिरल्याशिवाय तो तरी काय करणार! दोघांनी ढकलून पाहिलं. डिकीतल्या स्पीकरांच्या वजनाने गाडी तसूभर हलेना. भर दुपार, गाव खिडक्या लावून झोपलेलं. आतून जोसिलेने कण्हत होती. एद्नाल्दोला रडू यायचं बाकी होतं.

माइकपुरती धुगधुगी बॅटरीत होती. त्याने बटण दाबलं, तर सवयीप्रमाणे आधी मयताची धून वाजली! आणि तोंड रोजच्याच वाटेने निघालं.

"बंधुभगिनींनो, अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की माझी पत्नी जोसिलेने..."

आणि बॅटरीने मान टाकली.

धडाधड खिडक्या उघडल्या. कुणी मेणबत्त्या घेऊन धावलं, कुणी रिवाजाप्रमाणे मयताघरी द्यायची कॉफीची किटली.

"अहो, जिवंत आहे ती!" एद्नाल्दो ओरडला.

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," म्हणत लोकांनी त्यालाच आवळून धरलं.

शेवटी वाल्मिरने चार जणांना काचेतून आत बघायला लावलं. चौघांनी छातीवर क्रूसाची खूण केली, मग दहा-बारा खांदे गाडीला लागले आणि इंजिन घरघरलं. एद्नाल्दोच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात त्याची आई, सेवेरीनाबाई, ऊर बडवत आली आणि बॉनेटवरच कोसळली. लग्नापासून ती सुनेशी एकही बरा शब्द बोलली नव्हती.

"सोन्यासारखी सून गं माझी! तिचा मक्याचा केक माझ्यापेक्षा चांगला व्हायचा, मीच मेलीने कधी कबूल केलं नाही!"

"आई, बाजूला हो!"

मागून जोसिलेनेने त्याची कॉलर धरली.

"इंजिन बंद कर."

"अगं, कळा..."

"कळा थांबतील! तुझ्या आईचं बोलणं नीट ऐकू येत नाहीये!"

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी कॉफीचे कप खाली ठेवले आणि गाडी ढकलायला पुन्हा बाह्या सरसावल्या.