शाकाहारी ढालकिडे

मी कुणासमोर आवाज चढवत नाही. पण त्या आषाढात ह्यांना ठणकावून सांगितलं, "परसात देशी ढालकिडे परत आणीन, तरच नावाची सगुणा!"

चातुर्मासभर रोज गणपतीला जास्वंद वाहायचं माझं व्रत. मागून आणलेलं फूल चालत नाही. आणि आमच्या जास्वंदीवर माव्याची कीड अशी बसलेली, जणू फांद्या तिळात घोळवल्यात. कळ्या गळायला लागल्या. आदल्या वर्षी ह्यांनी मावा खायला म्हणून मुंबईहून परदेशी ढालकिडे, ते ठिपकेवाले गोल भुंगे, आणले होते. त्यांनी इथल्या ढालकिड्यांची अंडी फस्त केली आणि स्वतः उडून गेले. पाहुणे तरी कसले!

"मग औषध मारू का?" ह्यांनी विचारलं.

"चातुर्मासात जीवहत्या?"

"आणि तुझे किडे मावा खातील, ती?"

"ती त्यांची न्याहारी."

तडक माहेरी देवरूखला गेले. धाकट्या भावाच्या, महिपतच्या वांग्यांवर ठिपकेवाले किडे ढिगानं! मी तुपाचा रिकामा डबा पुढे केला, तर म्हणाला, "सगळे ने गो ताई. एकपण ठेवू नको."

केवढं मोठं मन! माझे डोळेच भरून आले.

एसटीत डबा मांडीवर धरून आणला, गणपती आणावा तसा. हळदकुंकू लावलं, किडे जास्वंदीवर सोडले आणि निर्धास्त जपाला बसले.

दोन दिवसांनी कुंपणापलीकडून शेजारच्या सोनूबाईंची हाक आली. "वहिनी, माझी वांगी बघा. पानांची चाळण झालीय."

पाहते तर माझे सगळे किडे तिथे पंगतीला बसलेले. जास्वंदीवरचा मावा मात्र खुशाल.

ह्यांनी चष्मा पुसून एक किडा निरखला. "अगं, मावा खाणारे तुकतुकीत असतात. हे पानं खाणारे. तुझे किडे शुद्ध शाकाहारी निघाले."

"पण वांगं?" मी पुटपुटले. "चातुर्मासात?"

सोनूबाईंनीच तोड काढली. "तुम्ही रोज किडे वेचा, मी रोज माझी जास्वंद देते. मागणं नाही, मजुरी झाली."

व्रत वाचलं. पण वेचलेले किडे मारायचे कसे? डबा भरून पुन्हा देवरूख गाठलं. महिपत फाटकातच आडवा उभा राहिला.

"ताई, माहेरची भेट परत आणायची नसते गो."

आता डबा माझ्या पडवीत आहे. उपाशी ठेवणं हीही हत्याच, म्हणून त्यांच्यासाठी रोज सोनूबाईंकडे वांग्याची पानं मागते. फूल मागितलेलं चालत नाही. पानं चालतात, असं माझं मीच ठरवलंय.