उभ्याने प्यायची पार्टी

पार्टीच्या दिवशी दुपारी बाद्रीने हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या शेजाऱ्यांकडे नेऊन टाकल्या. सोफा उरला, तो उभा करून पॅसेजमध्ये घुसवला. त्याची बायको एतेरी कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती.

"माणसं बसणार कुठे?"

"बसणारच नाहीत. कॉकटेल पार्टीत उभं राहायचं असतं. एक ग्लास घ्यायचा, हळूहळू घोट घ्यायचे, दोन शब्द याच्याशी बोलायचे, दोन शब्द त्याच्याशी, आणि साडेनऊला आपापल्या घरी."

"तिबिलिसीत? साडेनऊला घरी?"

"होय. आज मला तेच दाखवायचंय."

दाखवायचं होतं ते एल्गुजासाहेबांना. एल्गुजासाहेब म्हणजे सोलोलाकी भागातल्या एका जुन्या इमारतीचे मालक. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावायचं काम केलेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस. त्यांच्या घराखालची तळमजल्याची खोली रिकामी होती आणि त्या खोलीवर बाद्रीचा जीव जडला होता. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून तिथे छोटासा बार काढायचा, एवढं एकच स्वप्न तो बरीच वर्षं उराशी धरून होता. पण त्या खोलीत पूर्वी एक खानावळ होती. तिथली गिऱ्हाइकं मोठमोठ्याने गायची, आणि साहेबांना त्याचा फार मनस्ताप झाला होता.

"पार बेसूर गायले असते तर सोसलं असतं," ते बाद्रीला म्हणाले होते. "ते जवळजवळ सुरात गायचे. माझं डोकं फुटायची वेळ यायची. तेव्हा आधी तुमची माणसं कशी पितात ते मला बघू दे. खोलीचं मग बोलू."

बाद्रीचं कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. काचेच्या कपाटातली लग्नातली भांडी हलवून त्याने घरातच असा बार मांडला होता की बघत राहावं. मागे उंच बाटल्या, पुढे बुटक्या, कडू अर्कांच्या कुप्या वेगळ्या, ग्लास पुसून उलटे टांगलेले. आणि हात तर असा, की कोन्याक, डाळिंबाचा रस आणि लिंबू तो शेकरमध्ये घुसळायला लागला की बघणाऱ्याला आधीच तहान लागावी. लिंबाची साल तो एका सलग वळीत सोलायचा. विम्याच्या कचेरीत अशा हाताचा काय उपयोग?

पाहुणे यायला तासभर असताना बेल वाजली. दारात एतेरीचा गिगलामामा उभा. काखेतीतल्या खेड्याहून नवा चष्मा करायला आलेला. एका हातात डोळ्यांच्या डॉक्टरांची पिशवी, दुसऱ्या हातात घरच्या वाइनचा भलामोठा कॅन.

"जावईबापू! वास तर पार्टीचा येतोय, आणि मला कळवलं नाहीत!"

बाद्रीचा चेहरा उतरला. गिगलामामा हा त्यांच्या पंचक्रोशीतला नावाजलेला तमादा. आमच्याकडे मेजवानी म्हटली की तमादा हवाच. कोणाच्या नावाने प्यायचं ते तो ठरवतो, त्यावर बोलतो, तो बोलत असताना बाकी कोणी चकार शब्द काढायचा नाही आणि त्याचं संपलं की सगळ्यांनी ग्लास रिकामा करायचा. मामाने एकदा एका लग्नात असं बोलणं लावलं होतं, की नवरा-नवरीला तिथेच डुलकी लागली.

"मामा, आज तू नुसता पाहुणा हं," एतेरीने बजावलं. "बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतो?" मामा दुखावल्या स्वरात म्हणाला आणि कॅन घेऊन बसायला खुर्ची शोधू लागला.

साडेसहापर्यंत माझ्यासकट पंधराएक माणसं जमली. एल्गुजासाहेब आले, टोपी आणि कोट काढून खिडकीशी उभे राहिले. बाद्रीने पहिली फेरी वाटली. घोट घोट घेण्याची कल्पना कोणालाच पटली नाही. सगळ्यांनी एका दमात ग्लास रिकामे केले आणि पुढे केले.

"चांगलं आहे रे औषध," बाद्रीचा कचेरीतला मित्र मालखाझ म्हणाला. "दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

मग गप्पा सुरू झाल्या. उभं राहून, एकाच वेळी, सगळ्यांच्या. शेजारच्याचं ऐकू येईना म्हणून प्रत्येकाने आवाज चढवला, तो चढला म्हणून पलीकडच्याने आणखी चढवला. पाय दुखायला लागल्यावर दोघंजण पॅसेजमधला सोफा आडवा करायला गेले. तो दाराला अडकला. आता तो कसा सोडवायचा यावर वाद पेटला, त्यात अर्धी पार्टी सामील झाली. एल्गुजासाहेबांनी एक बोट कानात घातलं. थोड्या वेळाने दुसरंही घातलं. बाद्रीला आपली खोली डोळ्यांदेखत हातातून जाताना दिसत होती.

इतक्यात गिगलामामाचा धीर सुटला. चमच्याने ग्लास टणटण वाजवत तो गरजला, "अरे, पंधरा माणसं भरलेले ग्लास घेऊन उभी आहेत आणि कोणाच्या नावाने पितोय ते एकालाही ठाऊक नाही! गुरं पाणवठ्यावर जमलीयत की काय?"

सगळे एकदम गप्प झाले.

"मामा, पाया पडतो," बाद्री कुजबुजला. "छोटंसं बोला आणि सोडून द्या."

मामा शांततेवर बोलला. छोटंसंच बोलला. सगळ्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामे केले, आणि पंधरा रिकामे ग्लास बाद्रीसमोर येऊन बसले.

खरा घोटाळा इथून पुढे सुरू झाला. वाइन असती तर मालखाझने कॅन उचलून मिनिटभरात ग्लास भरले असते. पण बाद्रीच्या शेकरमध्ये एका वेळी दोनच ग्लास निघायचे. दर खेपेला बर्फ, रस, मोजमाप, घुसळणं, गाळणं, वर लिंबाची साल. मामा दुसऱ्या विषयाला, म्हणजे आईवडिलांना, हात घालून मोकळा झाला तरी चौघांच्याच हातात ग्लास होता. आणि सगळ्यांचे ग्लास भरल्याशिवाय पिणं म्हणजे आईवडिलांचा अपमान!

"मामा," घामाघूम झालेला बाद्री पुन्हा कुजबुजला, "थोडं लांबवा."

तमादाला हे सांगावं लागतं? मामाचे डोळे चमकले. त्याने हजर असलेल्यांचे आईवडील घेतले, मग गैरहजर असलेल्यांचे. मग आई झालेल्या पण अजून आजी न झालेल्या बायका. एकीकडे त्याची एक नजर शेकरवर. बाद्रीचा हात चालू तोवर मामाची जीभ चालू, आणि शेवटचा ग्लास भरून शेकर खाली ठेवला की मामाचं वाक्य नेमकं तिथे येऊन संपायचं. असं बोलणं मी जन्मात ऐकलेलं नाही. ऐकता ऐकता माणसं जमिनीवर मांड्या घालून बसली. एतेरीने मुकाट्याने चीज भरलेली गरम खाचापुरी आणून मध्ये ठेवली.

तिसऱ्या फेरीला लिंबं संपली. एतेरीने आंबट आलुबुखारची चटणी पुढे केली. बाद्रीने तोंड वाकडं करत ती घातली, चव घेतली आणि गुपचूप आणखी घातली. चौथ्या फेरीला बर्फ संपला. शेजारणीने दिला, पण तो मासळीच्या शेजारचा निघाला. तेव्हा मामाने शेजारधर्मावर बोलणं केलं आणि समुद्राचाही उल्लेख केला, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग गेलेल्या माणसांच्या नावाने प्यायची वेळ आली. सगळे उभे राहिले. मामाने चार वाक्यं बोलून हात पुढे केला. "पुढचं तुम्ही बोला, एल्गुजासाहेब."

बाद्री चरकला. तमादाने बोलणं सोपवलं की नाही म्हणता येत नाही. साहेबांनी ग्लास उचलून धरला.

"माझी त्सियाला स्वयंपाक करताना गायची," ते म्हणाले. "जरा उतरलेलं गायची. मी जगाचे पियानो सुरात लावायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो. एकदा राहवलं नाही. म्हटलं, अगं, सूर उतरलाय. तिने गाणं बंद केलं. घर असं सुनं सुनं झालं की दोन दिवसांनी मीच तिच्या मागे लागलो, गा बाई, कसंही गा."

बाद्रीने शेवटचा ग्लास भरून मालखाझच्या हातात दिला. शेकर रिकामा झाला. सगळ्यांचे ग्लास भरले होते. आता बोलणाऱ्याने संपवायचं, हे एव्हाना घरातल्या प्रत्येकाला समजलं होतं. साहेबांचीही नजर बाद्रीच्या हाताकडे गेली. ते अडखळले.

बाद्रीने झटकन मूठभर बर्फ शेकरमध्ये टाकला, झाकण लावलं आणि घुसळायला लागला.

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. त्सियाला बाजारातून कशी भांडून स्वस्तात टरबूज आणायची, रुसली की भांडी कशी आपटायची, आजारपणात शेवटी कुठलं गाणं गुणगुणायची. बोलता बोलता ते हसले, मग डोळे पुसले. बाद्रीचा खांदा भरून आला, त्याने हात बदलला. साहेबांनी गेलेल्यांच्या वाट्याचे म्हणून ब्रेडच्या तुकड्यावर दोन थेंब सांडले आणि "त्सियाला" म्हणून ग्लास ओठाला लावला, तेव्हा कुठे त्याने शेकर खाली ठेवला.

थोड्या वेळाने साहेब टोपी घालून दाराशी आले. बाद्री मागोमाग धावला.

"साहेब, माफ करा. बारमध्ये असलं काही होणार नाही. तिथे कोणी भाषण करणार नाही. मामा तर तिकडे फिरकणारसुद्धा नाहीत."

"पहिला अर्धा तास सगळे एकदम बोलत होते, तेव्हाच मी निघालो होतो," साहेब म्हणाले. "टोपी कोटांखाली गाडली गेली होती, म्हणून राहिलो. मग तुमचे मामा बोलायला लागले आणि पंधरा माणसं गप्प झाली. आणि एवढ्या वेळात प्रत्येकाच्या पोटात गेलं किती? आपल्या गावात इतक्या कमी दारूत इतकी लांब मेजवानी मी पाहिलेली नाही." दारातूनच त्यांनी विचारलं, "मला एक सांगा. मी बोलत होतो तेव्हा शेवटी शेकरमध्ये काय होतं?"

"ते... आपलं... डाळिंबाचा रस..."

"नुसता बर्फ होता. भरलेला शेकर कसा वाजतो ते मी संध्याकाळभर ऐकतोय."

बाद्रीने मान खाली घातली.

"बायको गेल्यापासून मला कोणी एवढा वेळ बोलू दिलं नव्हतं," साहेब म्हणाले. "परवा येऊन किल्ली घेऊन जा."

बाद्रीने साहेबांचा हात धरला तो सोडलाच नाही. शेवटी साहेबांनी दुसऱ्या हाताने टोपी काढून पुन्हा खुंटीला लावली. आतून मामाची हाक आली, "जावईबापू, ग्लास रिकामे आहेत! पुढचं काय करायचं?"

"तुम्ही सुरू करा, मामा," बाद्री ओरडला. "मला बराच वेळ लागणार आहे."