तुमच्या पानात येऊ काय?

गेडाम भाऊ संगणकावरच्या पानात शिरतानाही आधी बाहेरून आवाज देतात. थट्टा नाही. ते पान ज्याने लिहिलं असेल त्याच्या टेबलासमोर येऊन उभे राहतात, चपला दाराशी काढलेल्या असतात, आणि विचारतात, "बाई, तुमच्या पानात येऊ काय?"

आधी पानाचं सांगते. आमची संस्था गडचिरोलीत आहे आणि काम जंगलातल्या गावांमध्ये, हातपंपांचं. कोणत्या गावाला कसं जायचं, बाजार कधी भरतो, फोनला रेंज कुठे येते, हे सगळं ज्याच्या त्याच्या डोक्यात असायचं. ते एका जागी यावं म्हणून संस्थेच्या प्रमुख मॅडमनी कार्यालयाची विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची संगणकावरची वही, सुरू केली आणि ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका गावाचं एक पान. कोणीही नवीन पान करावं, कोणीही कोणाच्याही पानात दुरुस्ती करावी. कोणी काय बदललं ते पानाच्या इतिहासात दिसतं, त्यामुळे बिघडलं तरी पहिल्यासारखं करता येतं. शिकवायला मला फारसा वेळ लागणार नाही अशी माझी समजूत होती.

"दुसऱ्याच्या पानात जायचं तं त्याले विचारायचं कुठी?" गेडाम भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"विचारायचं नाही भाऊ. सरळ बदलायचं."

मी चोरीचा वर्ग घेत असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भाऊ आलापल्लीला राहतात आणि त्या बाजूची गावं त्यांच्याकडे आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, कडक इस्त्रीचा शर्ट, सगळं काम मोबाईलवर होत असूनही खिशाला पेन. विकी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत ते बस धरून गडचिरोलीला आले. माझ्या एका पानावर बाजार मंगळवारी भरतो असं लिहिलं होतं.

"बाजार बुधवारी भरते. बदलू काय?"

"अहो, एवढ्यासाठी आलात? तिथूनच बदलायचं ना."

"असं कसं बाई? कोणाच्या आंगनात जाऊन त्याची बाज आपल्या मनानं सरकवते काय कोणी?"

मग ते बसले. चहा-पोहे झाले. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. शेवटी मंगळवारचा बुधवार झाला आणि भाऊ परत निघाले. एका वारासाठी त्यांचा सगळा दिवस बसमध्ये गेला होता.

प्रत्येक बदलाचं कारण थोडक्यात लिहायला विकीत एक रकाना असतो. बाकीचे लोक तिथे 'दुरुस्ती' लिहितात, नाहीतर काहीच लिहीत नाहीत. भाऊंनी लिहिलं, 'बाईंना विचारून बदलले. बसा म्हणाल्या. पोहे दिले.' आमच्या लेखापाल साहेबांच्या एका पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'साहेबांना विचारले. घाईत होते. उभ्यानेच हो म्हणाले.' हे सगळ्या कार्यालयाने वाचलं. तेव्हापासून भाऊ दिसले की लेखापाल साहेब आधी खुर्ची पुढे करतात.

गंमत अशी की दुसऱ्यांच्या पानांची एवढी काळजी वाहणाऱ्या या माणसाची स्वतःची पानं मात्र चुकांनी भरलेली होती. हातपंप शाळेच्या मागे, तर पानावर तो शाळेपुढे. पोलीस पाटलांचं घर चिंचेखाली लिहिलेलं, आणि त्या दारात आहे मोहाचं झाड. 'नाल्यावर पूल नाही' असं एका ठिकाणी होतं. पूल कधीचाच झाला होता आणि भाऊ रोज त्यावरून मोटरसायकल नेत होते. आम्ही कोणी त्या पानांना हात लावत नव्हतो. लावायचा तर भाऊंच्या रीतीने आलापल्लीला जाऊन विचारायला हवं, आणि तेवढी सवड कोणाला?

पुण्याहून नव्याने आलेल्या एका मुलीने न विचारता, बसल्या जागेवरून तो हातपंप शाळेमागे नेला. संध्याकाळच्या आत भाऊंनी तो पुन्हा शाळेपुढे आणून ठेवला. तिने फोन केला तर म्हणाले, "बदल बरोबर हाय पोरी. पण तू आली नाई."

मॅडमचा संयम सुटला तो पुलामुळे. हातपंपाचं सामान घेऊन निघालेली गाडी भाऊंचं पान वाचून लांबच्या फेऱ्याने गेली आणि गाव दिवसभर पाण्यासाठी खोळंबलं. मॅडमनी मला बजावलं, "त्यांची पानं सुधारून घे, नाहीतर विकीत लिहिण्याची त्यांची परवानगी काढू." मी हे भाऊंना फोनवर सांगितलं.

"पानं काढता काय माझी?" भाऊंनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "येऊन जा ना बाई."

मी चिडूनच गेले. बसमध्ये मनातल्या मनात भाषणही तयार केलं. घर सापडलं तेव्हा पाहिलं तर सारवलेल्या अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, मध्ये स्टुलावर झाकून ठेवलेली बिस्किटांची बशी. पडवीत एक शिलाई मशीन कापडाखाली उभी होती. एवढं लांब आलेच आहे तर रीतीने विचारावं म्हणून मी फाटकाशी थांबले.

"गेडाम भाऊ, तुमच्या पानात येऊ काय?"

भाऊ जवळजवळ धावतच बाहेर आले. "या, या. बसा." ते 'बसा' त्यांनी अशा आनंदाने म्हटलं की माझ्या भाषणाची सुरुवातच मी विसरले.

"भाऊ, पूल झालाय ना?"

"हो ना. मस्त झाला."

"आणि हातपंप शाळेच्या मागे आहे."

"मागंच हाय. सकाळीच ग्रीस लावून आलो."

"चिंच?"

"कायची चिंच? मोह हाय तो."

चिडले की माझ्या तोंडून माझं मूळचं चंद्रपूर बाहेर पडतं. "मंग सारं माईत असून असं काऊन लिवलं?"

भाऊंनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मग मशीनकडे पाहत म्हणाले, "माझी बायको शकुन होती तवा बाया माप द्यायले यायच्या. आंगन भरून राहे. ती गेली, पोरगा हैदराबादले राहते. आता फाटक वाजतच नाई. म्हटलं, बरोबर पानात कोण कायले येईन? उल्शीक चूक राहिली तं कोणी विचारायले तरी येईन."

म्हणजे चुका त्यांनी जाणूनबुजून ठेवल्या होत्या, आणि तरीही कोणीच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण गाडीची गोष्ट मी सोडली नाही. "भाऊ, त्या दिवशी गावाला पाणी मिळालं नाही."

त्यांची मान खाली गेली. "ते चुकलं माझं. रस्त्याची चूक ठेवायची नवती."

पूल झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथे स्वतः लिहिलं. हातपंप मला मागे नेऊ दिला. चिंचेकडे वळले तर मोबाईलवर तळहात ठेवून म्हणाले, "ते पुढच्या खेपेले."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'गेडाम भाऊंना विचारून बदलले. बसा म्हणाले. बिस्किटे दिली.' मॅडमनी ते वाचलं, मला बोलावून सगळं विचारून घेतलं, आणि परवानगी काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. चिंचेचा मोह पुढे पुण्याच्या मुलीने केला. तिला म्हणे भाऊंनी जेवूनच जा म्हटलं.

परवा मी माझ्या एका पानावर गावातल्या निळ्या समाजमंदिराला हिरवा रंग दिला. त्याने कोणाचं काही अडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाऊ हजर. चपला दाराशी.

"बाई, तुमच्या पानात येऊ काय?"

"या भाऊ, बसा."

त्यांनी समाजमंदिर निळं केलं, पोहे खाल्ले, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मग पान बोटाने सरकवत खालपर्यंत वाचलं, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. बाहेर बसची वेळ होत आली होती.

"एवढी एकच ठेवली काय बाई?" भाऊ म्हणाले.