पोकलेन रुतलेले नाही

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता कतारमधल्या मदिनत अश शमालच्या अलीकडे, समुद्राजवळच्या सबख्यात एक पोकलेन कमरेपर्यंत रुतले. सबखा म्हणजे वर वाळलेल्या मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल. त्यावरून माणूस चालतो. पंचवीस टनांचे पोकलेन चालत नाही. ऑपरेटर रंगनाथ याने हे आदल्या आठवड्यातच सांगितले होते. परंतु नकाशात त्या जागेचा रंग पिवळा होता, आणि पिवळी जमीन टणक असते, असे ऑफिसचे धोरण होते.

रंगनाथ परभणीकडचा. रविवारी संध्याकाळी तो विमानाने घरी निघणार होता, दोन वर्षांनी. लेक त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली. बाप आल्याशिवाय पोरीचे जावळ काढायचे नाही, असे त्याच्या आईने, हौसाबाईने, बजावल्यामुळे जावळाच्या आता दोन वेण्या होत होत्या. सुट्टी मंजूर होती; अट एवढीच, की यंत्र सुस्थितीत कंपनीच्या ताब्यात दिल्याशिवाय निघायचे नाही.

"साहेब, चार लाकडी ओंडके द्या," रंगनाथ साइट इंजिनिअर गिरीशला म्हणाला. "चेनखाली घालतो अन् बकेट टेकवून भाईर येतो. तासाभराचं काम हाय."

"रंगनाथराव, असं डायरेक्ट नाही काढता येत," पुण्याचा गिरीश म्हणाला. "रिकव्हरी टीम बोलवावी लागते. त्यासाठी आधी रिपोर्ट."

रिपोर्ट सेफ्टी मॅनेजर विभावरी मॅडमकडे गेला. मॅडमच्या खिडकीसमोर फलक होता: 'अपघाताविना ९९४ दिवस'. हजाराव्या दिवशी, म्हणजे रविवारी, दोह्याहून मोठे साहेब ढाल घेऊन येणार होते. मॅडमनी रिपोर्टातला 'रुतले' हा शब्द तांबड्या शाईने खोडला.

"यंत्र हलतंय?"

"नाही मॅडम."

"कुणाला लागलं?"

"नाही."

"मग जे हलत नाही आणि कुणाला लागत नाही, अशा यंत्राला काय म्हणतात, गिरीश?"

गिरीशने विचार केला. "पार्क केलेलं?"

"करेक्ट."

अशा रीतीने पोकलेन पार्क झाले. रिकव्हरी टीमने यायला नकार दिला. ती रुतलेली यंत्रे काढते, पार्क केलेली नव्हे. तेव्हा ते ओढायला मंगळवारी लोडर गेला आणि शेजारी पार्क झाला. त्याला ओढायला बुलडोझर गेला, तो अधिक जोमाने पार्क झाला. बुधवारी क्रेन आली आणि तिरपी पार्क झाली. क्रेनवाल्याचा डबा घेऊन गेलेली पिकअपही परतली नाही. गुरुवारी मॅडमनी चिखल धुऊन काढण्यासाठी पाण्याचा टँकर पाठवला. चिखलावर दहा हजार लिटर पाणी ओतल्यावर जे होते, ते झाले. टँकरचा पेशावरी ड्रायव्हर शहजाद दारातून उतरला, तो गुडघ्यापर्यंत.

एका जागी सहा वाहने आणि पार्किंगची मंजुरी नाही, ही मात्र गंभीर बाब होती. मॅडमनी दुपारपर्यंत मंजुरी आणली. प्रत्येक यंत्राभोवती चिखलावर पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. दोनदा बुडाल्या, तिसऱ्यांदा टिकल्या. 'वेगमर्यादा दहा' अशी पाटी लागली. प्रवेशाशी स्पीडब्रेकर झाला.

"साहेब, ह्यो कुणासाठी?" रंगनाथने विचारले.

"सेफ्टीत शॉर्टकट नसतो, रंगनाथराव," गिरीश म्हणाला. त्याने रंगनाथकडे पाहणे मात्र टाळले.

शुक्रवारी-शनिवारी ऑफिसला सुट्टी.

"भाई, आज मना करनेवाला कोई नहीं," शहजाद म्हणाला. "यल्ला, चलो!"

दोघांनी ओंडके वाहून आणले. पोकलेन तासाभरात आपल्या पायांनी वर आले. मग त्याने कोरड्या जमिनीवरून एकेक भावंड ओढून काढले. दुपारी क्रेन सुटली तेव्हा दोघांचे फक्त डोळे आणि दात ओळखू येत होते. ते एकमेकांकडे पाहून इतके हसले, की खाली बसावे लागले. रंगनाथने तसाच घरी फोन लावला. "आये, न्हाव्याला सांगून ठेव. येतो मी."

रविवारी सकाळी मॅडम आल्या. पार्किंग रिकामे होते.

"सहा यंत्रं कुठे गेली?"

"काढली, मॅडम."

"कशातून काढली?"

रंगनाथने 'चिखलातून' म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. "पार्किंगमधून."

"परवानगीशिवाय? दहा वाजता साहेब रिकाम्या पार्किंगचं उद्घाटन करणार का?"

गिरीश बुटांकडे पाहत पुटपुटला, "जिथल्या तिथे लावा, रंगनाथराव. रेघांच्या आत."

रंगनाथच्या मस्तकाची शीर उठली. विमानाला आठ तास होते. मग पोटातून हसू वर येऊ लागले. ते दाबून त्याने खिशातला ताब्याचा कागद काढला. "पोकलेन कोरड्यात हाय, धुतलेलं हाय. आधी सही करता का, साहेब?"

गिरीशने यंत्र तपासले, सुस्थितीत आढळले, सही केली. कागद शर्टाच्या आत खोचून रंगनाथ पोकलेनवर चढला, वेगमर्यादा पाळत स्पीडब्रेकर ओलांडला आणि ते कमरेपर्यंत चिखलात उतरवले. रेघांच्या अगदी मधोमध. मागून बाकीची चार आली आणि शेवटी शहजादने टँकर आणला. "खलास," तो म्हणाला.

रंगनाथला विमान मिळाले. सोमवारी लेकीने त्याला ओळखले नाही. पण वस्तरा पाहून भोकाड पसरले आणि जवळचा म्हणून त्याच्याच गळ्याला मिठी मारली.

उद्घाटनाचा फोटो गिरीशने 'सुरक्षित, शिस्तबद्ध, एकदिलाने' अशा मथळ्याखाली नेटवर टाकला. त्यात सहा यंत्रे चिखलात बुडालेली स्पष्ट दिसतात. क्रेन कललेली दिसते. फीत कापणाऱ्या मोठ्या साहेबांच्या उजव्या पायात बूट नाही, हेही दिसते. खाली नऊशे जणांनी अंगठा वर केला आहे आणि 'हार्दिक अभिनंदन' लिहिणाऱ्यांत सतरावे नाव तुमचे आहे.